मीठ चवीनुसार

दिवाळी अंकात कायद्याचा विषय काढणे म्हणजे चिवड्याच्या घासात खडा टाकणे, हे मला ठाऊक आहे. कथा, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांच्या मध्येच ही कोर्टकचेरी कशाला, असे म्हणून पान उलटण्याच्या बेतात असलेल्या वाचकांना एकच विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास मध्यमवर्गीय घरात तीन गोष्टींची चर्चा ठरलेली असते : कापडचोपड, सोने आणि बोनस. या तिन्ही गोष्टी आपल्या देशात एका मोठ्या वादाच्या निमित्ताने सुप्रीम कोर्टाची पायरी चढून आल्या आहेत. कायदा नेमका कोण करतो, हा तो वाद. तेव्हा निदान सोन्यापर्यंत तरी वाचा. मग खुशाल पान उलटा.

शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर तीन ओळींत मिळे. विधिमंडळ कायदे करते, सरकार ते अमलात आणते आणि न्यायालय त्यांचा अर्थ लावते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. कुठल्याही कचेरीच्या खिडकीशी जाऊन पाहा. ‘विहित नमुन्यात अर्ज करा’, ‘विहित मुदतीत या’, ‘विहित शुल्क भरा’ असे आपल्याला सांगतात. आपण मुकाट्याने रांगेत उभे राहतो. हे सारे ‘विहित’ केले कुणी, असे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. मूळ कायदा उघडून पाहावा, तर पुष्कळदा त्यात नमुना नसतो, मुदत नसते आणि शुल्कही नसते. ‘नियमांद्वारे विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ एवढेच शब्द असतात. याचा सरळ अर्थ असा, की आपण निवडून दिलेल्या सभागृहाने कायदा केला, पण त्यातली आपल्या अंगाला लागणारी गोष्ट ठरवण्याचे काम सरकारकडे सोपवले. पंडित लोक याला ‘प्रत्यायोजित विधान’ म्हणतात. हा शब्द एकदाच वापरतो. पुन्हा वापरणार नाही.

आपल्या गृहिणींना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. पाककृती लिहिणारी बाई रवा किती वाट्या, तूप किती पळ्या ते मोजून सांगते आणि शेवटी लिहिते, ‘मीठ चवीनुसार’. तेवढे ती रांधणारीवर सोडते. कारण तुमच्या घरचे मीठ किती खारट आणि तुमच्या घरच्या माणसांच्या जिभा कशा, हे तिला ठाऊक नसते. इथवर सगळे ठीक. पण एखादीने ‘रवा अंदाजाने, तूप सोयीने, साखर मर्जीप्रमाणे आणि पदार्थ आवडेल तो’ असे लिहून पाठवले, तर त्याला पाककृती कोण म्हणेल? कायद्याचेही असेच आहे. मीठ दुसऱ्यावर सोडावेच लागते. पदार्थ कोणता करायचा हेही दुसऱ्यावर सोडले म्हणजे वाद सुरू होतो.

सोडावे का लागते, ते आधी पाहू. विधिमंडळ बाराही महिने बसत नाही, आणि बसते तेव्हा त्याच्यापुढे शंभर कामे असतात. मोटारीच्या दिव्याचा प्रकाश किती असावा, औषधाच्या बाटलीवर काय छापावे, कारखान्यात किती माणसांमागे किती मोऱ्या असाव्यात, हे सारे आमदार-खासदारांनी हात वर करून ठरवावे असे कुणीच म्हणणार नाही. त्यांना त्यातले कळतेच असे नाही. शिवाय पूर, साथ आणि टंचाई या गोष्टी अधिवेशनाची तारीख पाहून येत नाहीत. बाजारातली साखर एका रात्रीत गोदामात जाऊन बसते. तिला बाहेर काढण्यासाठी विधेयकाचे पहिले, दुसरे आणि तिसरे वाचन करीत बसलो तर सण उलटून जाईल. म्हणूनच १९५५ सालच्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याने सरकारला हुकूम काढण्याचे विस्तृत अधिकार दिले आणि त्या अधिकारांतून साखर, धान्य, खते अशा कितीतरी वस्तूंचे हुकूम निघाले.

ही युक्ती आजची नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने १५३९ साली पार्लमेंटकडूनच असा कायदा करून घेतला, की राजाच्या जाहीरनाम्याला पार्लमेंटच्या कायद्याचे बळ असावे. १५४७ साली हेन्री वारला आणि त्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. पण नाव राहिले. मूळ कायद्यातच फेरफार करण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम दिसले, की इंग्लंडमधले वकील अजूनही त्याला ‘हेन्री आठव्याचे कलम’ म्हणतात. पुढे १९२९ साली तिथले सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी नोकरशाहीच्या या वाढत्या सत्तेवर एक पुस्तकच लिहिले आणि तिला ‘नवी जुलूमशाही’ म्हटले. सरन्यायाधीशच असे बोलल्यावर सरकारला समिती नेमणे भाग पडले. समितीने १९३२ साली सांगितले, की अधिकार सोपवल्यावाचून आता राज्य चालणार नाही. मात्र सोपवलेल्या अधिकारावर डोळा ठेवला पाहिजे.

आपल्याकडे राज्यघटना अमलात आल्यावर वर्षभरातच हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. दिल्ली, अजमेर-मेरवाडा यांसारख्या भागांसाठी दुसऱ्या प्रांताचा कायदा उचलून, त्यात हवे ते फेरफार करून लागू करण्याचा अधिकार सरकारला द्यावा की नाही, याबद्दल राष्ट्रपतींनी कोर्टाचे मत विचारले. सात न्यायमूर्ती बसले आणि मे १९५१ मध्ये त्यांनी सात वेगवेगळी निकालपत्रे लिहिली! सातांचे सारे काही जुळले नाही. परंतु त्यांतून एक सूत्र निघाले आणि ते आजवर टिकले आहे. कायद्याचे धोरण ठरवणे हे विधिमंडळाचे खास काम आहे. ते त्याने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. धोरण एकदा ठरवले, की तपशील भरण्याचे काम सोपवता येते. सोप्या शब्दांत, मीठ सोपवा, पदार्थ सोपवू नका.

सूत्र सांगणे सोपे असते. ते खऱ्या माणसांना लावताना काय होते ते आता पाहू. पहिली पाळी कापडाची.

नोव्हेंबर १९४८ ची गोष्ट. एक नवरा-बायको मुंबईहून कानपूरला आगगाडीने निघाले होते. बरोबर नवे सुती कापड होते. दोन-चार लुगडी आणि धोतरजोड्या असत्या तर कुणी विचारलेही नसते. पण हे कापड सहा मणांहून अधिक, म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वादोनशे किलोंच्या आसपास होते. त्या दिवसांत कापडावर नियंत्रण होते आणि ते एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यास परवाना लागे. या जोडप्यापाशी परवाना नव्हता. इटारसी स्टेशनवर रेल्वे पोलिसांनी दोघांना पकडले. खटला उभा राहिला, नागपूरच्या हायकोर्टात गेला आणि तिथून सुप्रीम कोर्टात पोहोचला. जोडप्याच्या बाजूने युक्तिवाद असा, की परवान्याची ही अट विधिमंडळाच्या कायद्यात कुठेच नाही. ती सरकारने १९४८ साली काढलेल्या हुकुमात आहे. विधिमंडळाने १९४६ च्या कायद्यात सरकारला नुसता कोरा कागद सही करून दिला आहे.

सुप्रीम कोर्टाने १९५४ साली सांगितले, की कागद कोरा नाही. जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा टिकावा किंवा वाढावा, त्यांची वाटणी न्याय्य व्हावी आणि त्या वाजवी भावात मिळाव्यात, हा हेतू कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. हे झाले धोरण. कापड कुठून कुठे न्यावे आणि परवाना कुणी द्यावा, हा झाला तपशील. हुकूम टिकला. टंचाईचा तो काळ ज्यांनी पाहिला, कापडाच्या दुकानापुढे रेशनकार्ड घेऊन जे उभे राहिले, त्यांना हा निकाल पटण्यासारखा आहे. सहा मण कापड एकाच कुटुंबाने गाडीत घालून न्यावे आणि चाळीतल्या पोरांनी दिवाळीला जुनाच सदरा घालावा, यात न्याय कसला? अधिकार सोपवण्याची चांगली बाजू ती ही. हेतू लिहिलेला होता, टंचाई खरी होती आणि हुकूम हेतूला धरून होता.

आता सोने. इथे गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. डिसेंबरात संसदेने भारत संरक्षण कायदा केला. देशावर संकट असताना सरकारला मोकळा हात द्यायचा नाही तर कधी द्यायचा? संसदेने दिला. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत दिले ते याच दिवसांत. मग जानेवारी १९६३ मध्ये त्या कायद्याखालच्या नियमांत एक नवा भाग घातला गेला : सुवर्ण नियंत्रण. नव्याने घडवायचा दागिना १४ कॅरटांहून अधिक शुद्ध असता कामा नये, असे ठरले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई, पूर्वीच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. चोरट्या मार्गाने येणारे सोने थांबावे, परकीय चलन वाचावे आणि सोन्याचा सोस कमी व्हावा, हा हेतू होता. तो हेतू वाईट म्हणता येणार नाही.

पण २२ कॅरटाच्या दागिन्यात शंभर भागांतले जवळजवळ ९२ भाग सोने असते, तर १४ कॅरटात अठ्ठावन्न. रंग वेगळा, घडण वेगळी, झाळ वेगळी. ज्या सोनारांच्या पिढ्या बावीस कॅरटावर हात बसवून जगल्या, त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. लग्नसराईत घराघरांतून चौदा कॅरट या शब्दाची थट्टाही झाली आणि चिंताही. आईने मुलीसाठी योजलेल्या पाटल्यांचे काय, मोडीचे काय, विकायला गेल्यावर भाव काय, असे प्रश्न स्वयंपाकघरात चालू झाले. आणि आता मूळ कायद्याकडे पाहा. भारत संरक्षण कायद्यावर संसदेत चर्चा झाली तेव्हा सदस्यांच्या डोळ्यांपुढे सीमा होती, सैन्य होते, हेर होते. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या सराफकट्ट्यावरचा कारागीर कुणाच्याही डोळ्यांपुढे नव्हता. त्याची कैफियत संसदेत पोहोचली ती नियम लागू होऊन त्याचा रोजगार बुडाल्यानंतर. शुद्धतेचे हे बंधन १९६६ साली उठले. तोवर कित्येकांनी हातोडी ठेवून दुसरे काम धरले होते.

इथे कुणी म्हणेल, संसदेनेच हे कलम मंजूर केले असते तर सोनारांचा धंदा वाचला असता का? वाचला नसताही कदाचित. बहुमत सरकारचे होते. पण विधेयक आले असते तर ते आधी छापले गेले असते. वर्तमानपत्रांतून त्यावर लिहिले गेले असते. सोनारांचे शिष्टमंडळ आपापल्या खासदाराला भेटले असते आणि विरोधी बाकांवरून कुणीतरी उभे राहून विचारले असते, की या माणसांनी उद्यापासून खायचे काय? उत्तर द्यावे लागले असते. घाव बसण्याच्या आधी बोलायला मिळणे आणि घाव बसल्यावर बोलायला मिळणे, यांतला फरक ज्याच्यावर घाव बसतो त्यालाच नीट कळतो.

पुढे १९६८ साली संसदेने सोन्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात एक कलम असे होते, की सोन्याची घडण, वाटप, वाहतूक, खरेदी, बाळगणे, विक्री, वापर अशा साऱ्यांवर सरकारने नेमलेल्या प्रशासकाने आवश्यक वाटेल तसे नियंत्रण घालावे. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केले. एका अधिकाऱ्याच्या हाती इतकी सत्ता दिली, की संसदेचे कामच त्याच्याकडे गेले, असा त्या निकालाचा आशय. कापडाला जे माप लावले तेच इथे लावले. कापड त्यात बसले, सोने बसले नाही. खुद्द सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत चालूच राहिला.

सोन्याची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ती आपल्या सांताक्रूझ विमानतळावरची आहे. १९४७ च्या परकीय चलन कायद्याने सोने देशात आणण्यावर बंधन घातले होते आणि सवलती देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे होता. भारतात न उतरता सोने पुढे दुसऱ्या देशी न्यायचे असेल तर बँकेने १९४८ पासून मोकळीक दिली होती. मग ८ नोव्हेंबर १९६२ रोजी बँकेने नवी अधिसूचना काढली : असे सोने विमानाच्या मालाच्या यादीत नोंदलेले असले पाहिजे. ती २४ नोव्हेंबरला गॅझेटमध्ये छापून आली. २७ नोव्हेंबरला एक जर्मन प्रवासी झुरिचहून मनिलाला जाणाऱ्या विमानात बसला. अंगातल्या जाकिटाच्या कप्प्यांत ३४ किलो सोने. विमान २८ तारखेला सांताक्रूझला थांबले. तो खाली उतरलाही नव्हता. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी झडती घेतली आणि त्याला धरले.

त्याचे म्हणणे एवढेच, की हा नवा नियम मला ठाऊक नव्हता. आता चार दिवसांपूर्वी दिल्लीत छापलेले गॅझेट झुरिचमध्ये कोण वाचणार, हा प्रश्न कुणालाही पडेल. मॅजिस्ट्रेटने त्याला शिक्षा दिली, मुंबई हायकोर्टाने सोडले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. १९६४ साली दोघा न्यायमूर्तींनी निकाल दिला, की इथल्या गॅझेटमध्ये नियम प्रसिद्ध झाला, एवढे पुरे. आरोपीला तो ठाऊक होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. तिसरे न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत पडले, की जाणूनबुजून केल्याशिवाय हा गुन्हा होऊ नये. बहुमताने तो दोषी ठरला. पण शिक्षा त्याने तोवर भोगली तेवढीच ठेवली. जाकिटात ३४ किलो सोने शिवून फिरणाऱ्याबद्दल आपल्याला फार कळवळा वाटू नये, हे कबूल. पण त्या निकालातला नियम आपल्यालाही लागू आहे. गॅझेटमध्ये आले, की ते तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतात. तुम्ही ते पाहिले नाही, ही सबब नाही.

म्हणून निदान ते छापून तरी आले पाहिजे! याबाबत सुप्रीम कोर्टाने १९५१ सालीच एक सुरेख निकाल दिला आहे. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने बंद दाराआड ठराव करून अफूचा कायदा मंजूर केला होता आणि तो कधीच प्रसिद्ध केला नव्हता. त्या कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला. पन्नास रुपयांसाठी गडी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. हे मूळचे नागपूर हायकोर्टाचे. जो कायदा लोकांना कळूच दिला नाही, त्याखाली त्यांना शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असे त्यांनी ठरवले आणि दंड रद्द केला. पन्नास रुपयांत देशाला एक मोठे तत्त्व मिळाले. याहून स्वस्त सौदा दिवाळीच्या सेलमध्येही सापडायचा नाही.

तिसरी गोष्ट बोनसची. गिरण्या आणि कारखान्यांत दिवाळीच्या तोंडावर बोनसवरून दरवर्षी तंटे होत. त्यांना एक शिस्त लावावी म्हणून १९६५ साली संसदेने बोनसचा कायदा केला. त्यात ३७ वे कलम होते : हा कायदा अमलात आणताना काही अडचण किंवा शंका आली, तर सरकारने हुकूम काढून ती दूर करावी, आणि सरकारचा तो हुकूम अंतिम समजावा. वाचायला किती निरुपद्रवी! अडचण दूर करण्याला कोण ‘नको’ म्हणेल? पण मुंबईच्या मिल मजदूर सभेविरुद्धच्या प्रकरणात १९६६ साली सुप्रीम कोर्टाने हे कलम बहुमताने रद्द केले. कायद्यात शंका असेल तर ती संसदेने दूर करावी. कायद्याचा हेतू काय, तेही सरकारनेच ठरवायचे आणि वर ते अंतिम मानायचे, हे चालणार नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. पुढे १९७४ साली दुसऱ्या एका कामगार कायद्यातले याच वळणाचे कलम मात्र टिकले. कारण त्यात ‘अंतिम’ हा शब्द नव्हता आणि हुकूम मूळ कायद्याच्या विरुद्ध जाता कामा नये अशी अट होती. एका शब्दाने काय फरक पडतो ते पाहा.

या साऱ्या जुन्या गोष्टी झाल्या, असे कुणी म्हणेल. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, बँकांपुढे रांगा लागल्या, बायकांनी डाळीच्या डब्यात ठेवलेली पुंजी बाहेर आली. तो निर्णय संसदेच्या कायद्याने झाला नव्हता. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या एका पोटकलमाखाली सरकारने अधिसूचना काढली होती. १९७८ साली मोठ्या नोटा बाद केल्या तेव्हा आधी वटहुकूम आणि मग संसदेचा कायदा असा मार्ग धरला होता. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने २०१६ चा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. अधिकार अतोनात सोपवलेला नाही, कारण बँकेच्या मंडळाची शिफारस हा त्यात लगाम आहे, असे चौघांचे मत. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळे मत दिले : सरकारच्या पुढाकाराने एवढी मोठी गोष्ट करायची, तर ती संसदेमार्फत झाली पाहिजे. नोटाबंदी चांगली की वाईट, या भांडणात मी पडत नाही. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या घरात ते भांडण लावण्याचे पाप कोण घेईल? एवढेच सांगायचे, की आठव्या हेन्रीपासून चालत आलेला प्रश्न आपल्या डाळीच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

तर मग आपण काय धडा घ्यायचा? सरकारला अधिकार देऊच नयेत, असा मुळीच नाही. घरातली वडीलधारी बाई चार दिवस गावाला जाते तेव्हा किल्ल्या सुनेच्या हाती देतेच. शहाणी बाई तीन गोष्टी करते. काय करायचे ते सांगून जाते : ‘सोमवारी पाहुणे आहेत, बेताचा स्वयंपाक कर.’ किल्ल्या दिल्याचे घरातल्या सगळ्यांना कळेल असे बोलते. आणि परत आल्यावर हिशेब पाहते. पहिल्या दोन गोष्टींवर आपल्याकडे कोर्टांनी पुष्कळ लक्ष दिले. तिसरी, हिशेब पाहण्याची, ही ज्याने किल्ल्या दिल्या त्याची, म्हणजे विधिमंडळाची जबाबदारी आहे. आणि सगळ्यात हयगय होते ती तिथेच.

याची काळजी वाहणारा एक थोर माणूस होता. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, वकिली अहमदाबादेत. सरकार कुठल्या नियमांना जन्म देत आहे यावर लोकसभेची नजर असावी, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत डिसेंबर १९५३ मध्ये एक खास समिती स्थापन झाली. ती आजही आहे. तिच्यावर मंत्र्याला घेत नाहीत. ज्याचा हिशेब पाहायचा त्यालाच वही देण्यात काय अर्थ? नियमाने मूळ कायद्याच्या मर्यादा ओलांडल्या आहेत का, पाठीमागची तारीख घालून लोकांना गुंतवले आहे का, कराचा बोजा लादला आहे का, कोर्टाची वाट बंद केली आहे का, प्रसिद्ध करायला विनाकारण उशीर केला आहे का, असे प्रश्न ही समिती विचारते. याखेरीज बहुतेक कायद्यांत आता अशी तरतूद असते, की केलेले नियम अधिवेशनाचे तीस दिवस सभागृहाच्या पटलावर ठेवावेत. त्या मुदतीत सभागृहांनी ठरवले तर नियम बदलता येतात, रद्दही करता येतात.

व्यवस्था कागदावर उत्तम आहे. पण पटलावर ठेवलेला कागद कुणी उचलून वाचला तर! आपल्या वर्तमानपत्रांत विधेयकावरच्या गोंधळाचे रकाने भरतात. पटलावर ठेवलेल्या नियमांची ओळसुद्धा येत नाही. त्यात गंमत नसते, घोषणा नसतात, सभात्याग नसतो. शिवाय त्या तीस दिवसांत नियम थांबून राहत नाही, तो लागू असतोच. आणि पुढे रद्द झाला तरी तोवर त्याखाली जे झाले ते झाले. म्हणजे हिशेबात चूक सापडली, तरी खर्च झालेले पैसे परत येत नाहीत.

एक दार मात्र आपल्यासाठी आधीच उघडे असते आणि आपण त्याकडे पाठ करून बसतो. पुष्कळ कायद्यांत अशी अट असते, की नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा आणि लोकांचे म्हणणे ऐकून मग तो पक्का करावा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, चष्मा पुसून पुन्हा घातल्यावरच दिसेल अशा अक्षरांत, ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे छापलेले आपण कितीदा पाहिले असेल! आता तर अशा गोष्टी सरकारी संकेतस्थळांवरही येतात आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पाच मिनिटांत त्या काढून देईल. ज्या सोनारांना १९६३ साली घाव बसण्याच्या आधी बोलायला मिळाले नाही, त्यांना असे एक दार मिळते तर त्यांनी काय दिले असते?

तेव्हा पुढच्या खेपेस तुमच्या मुलांची शाळा, तुमची सोसायटी, तुमचे दुकान किंवा तुमचे पेन्शन यांच्याशी संबंधित अशी सूचना दिसली, तर ती कात्रणात कापून ठेवू नका. त्याच आठवड्यात उत्तर पाठवा. वकील लागत नाही, कायद्याची भाषा लागत नाही. कुठली तरतूद, ती आपल्याला कशी जाचेल आणि तिच्याऐवजी काय असावे, हे तीन मुद्दे साध्या मराठीत लिहिले तरी पुरतात. शेजारच्या दोन-चार घरांनीही लिहिले तर आणखी बरे. सरकारने ते मानले नाही, असे व्हायचे. पण निदान मीठ टाकण्यापूर्वी घरातल्या माणसांची चव सांगितली होती, एवढे तरी आपल्याला म्हणता येईल.

असो. निदान सोन्यापर्यंत वाचा म्हटले होते. तुम्ही थेट इथवर आलात. आता फराळाकडे वळायला हरकत नाही. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.